परागाविना फुलणारं भात

भाताचं फूल सकाळी तासाभरासाठी उमलतं. सहा पुंकेसर बाहेर डोकावतात, पण तोवर स्वतःचे पराग बहुधा स्वतःवरच पडून गेलेले असतात. अशा पिकाचा संकर करायचा तर एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. प्रयोगाला ते ठीक, बियाण्याच्या धंद्याला नाही. म्हणून भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग १९६४ पासून चीनच्या हुनान प्रांतात मुळातच पराग न धरणारं रोप शोधत होते. उपयोगी पडेल असं रोप मिळालं नोव्हेंबर १९७० मध्ये, हैनान बेटावरच्या रानभातात. ते हेरलं त्यांचे सहायक ली बिहू आणि तिथल्या शेतावरचे फेंग केशान यांनी. या दोघांची नावं फारशी कुणी घेत नाही.

त्या रोपाची खोड मायटोकाँड्रियात होती, म्हणजे आईकडून उतरणारी. ती ग्वांगझूच्या ल्यू याओग्वांग यांच्या गटाने २०१३ मध्ये उलगडली. परागकोषाच्या आत टॅपेटम नावाचा पेशींचा थर असतो. वाढत्या परागांना भरवायचं आणि वेळ झाली की मरायचं, हे त्याचं काम. या रोपाच्या मायटोकाँड्रियातल्या डब्ल्यूए३५२ या जनुकाचं प्रथिन कॉक्स११ या प्रथिनाला निकामी करतं आणि टॅपेटम अवेळी मरतो. पराग उपाशीच राहतात. हे प्रथिन मुख्यतः टॅपेटममध्येच साचतं, त्यामुळे पानं, मुळं, बीजांड सगळं ठणठणीत.

हे वंध्य रोप म्हणजे ‘ए’ वाण. त्याचा वंश चालवतो ‘बी’ वाण. शेतकऱ्याकडे संकरित पिकात दाणा भरावा म्हणून ‘ए’शी संकराला ‘आर’ वाण लागतो. त्यातलं आरएफ४ जनुक डब्ल्यूए३५२चा आरएनए घटवतं. १९७३ मध्ये तिन्हींची सांगड बसली.

रायगडमधल्या कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राचं ‘सह्याद्री’ (१९९८) हे संकरित भात याच कुळातलं. त्याची आई म्हणजे ‘ए’ वाण आयआर५८०२५ए, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची. बियाणं तयार करताना ‘ए’ वाणाची लोंबी पोटरीतून पुरती निसवत नाही, म्हणून जिबरेलिक आम्लाची फवारणी. फुलोऱ्यात दोरी ओढून ‘आर’ ओळींचे पराग उडवायचे. बियाणं महाग पडतं ते या खटाटोपामुळे.

संकरित भाताची इतकी शेती एकाच रानरोपाच्या वंशावर उभी करणं मला जोखमीचं वाटतं. १९७० मध्येच अमेरिकेत एकाच वंध्य वंशाचा मका करप्याने झोपला होता.

संकरित भात लावणाऱ्याने घरचं बी मात्र ठेवू नये. पुढच्या पिढीत वाण फुटतो आणि काही रोपांत पुन्हा तेच वंध्यत्व येऊन लोंब्या पोचट राहतात.