पृथ्वीचे गोलत्व : नित्याच्या निरीक्षणांतील पुरावे

पृथ्वी जवळजवळ गोलाकार आहे, हे अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत प्रत्यक्ष दिसते. परंतु हे ज्ञान त्याहून दोन सहस्र वर्षांइतके जुने असून ते नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले आहे.

किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या जहाजाचा खालचा भाग प्रथम व डोलकाठीचे टोक सर्वांत शेवटी दिसेनासे होते. जहाज केवळ अंतरामुळे दिसेनासे होत असते, तर दुर्बिणीतून ते पुन्हा संपूर्ण दिसले असते. क्षितिजाआड गेलेला भाग मात्र दुर्बिणीनेही दिसत नाही. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज सुमारे ४·५ किमी. वर असते, १०० मी. उंचीच्या कड्यावरून ते सुमारे ३६ किमी. वर जाते. वातावरणातील वक्रीभवनामुळे हे अंतर थोडे वाढते व क्वचित बरेच फसवते. म्हणून हा पुरावा सर्वपरिचित असला, तरी सर्वांत भक्कम नव्हे.

ताऱ्यांचा पुरावा अधिक निर्णायक आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची कोनीय उंची कन्याकुमारीस सुमारे ८°, मुंबईस १९° व दिल्लीस २८·५° असते. याउलट, दक्षिणेकडील अगस्त्य हा तारा कन्याकुमारीस २९° पर्यंत, तर दिल्लीस जेमतेम ९° वर चढतो आणि लंडनला उगवतच नाही. पृथ्वी सपाट व तारे जवळ आहेत असे मानले, तरी तारा अजिबात न उगवणे संभवत नाही. शिवाय दर १११ किमी. ला १° हा सर्वत्र जवळजवळ समान आढळणारा फरकही त्यातून निष्पन्न होत नाही.

यावरून केवळ उत्तर-दक्षिण वक्रता सिद्ध होते. आडवी ठेवलेली नळकांडीही अशीच वक्र असते. पूर्व-पश्चिम वक्रता सूर्य दाखवितो. दिब्रुगढ येथे तो द्वारकेपेक्षा सुमारे पावणेदोन तास आधी मध्यान्हीस येतो. चंद्रग्रहणात पृथ्वीच्या छायेची कडा नेहमी वर्तुळाकारच दिसते, हा पुरावा ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी दिला. थाळीची छायाही वर्तुळाकार पडू शकते, पण तिरप्या प्रकाशात ती लंबगोल होते. प्रत्येक दिशेने वर्तुळाकार छाया केवळ गोलाचीच पडते.

पाठ्यपुस्तकांत आढळणारा पृथ्वीप्रदक्षिणेचा पुरावा (मॅगेलन यांची मोहीम, १५१९–२२) एकटा अपुराच आहे. थाळीच्या मध्याभोवतीही प्रदक्षिणा घालता येते.

मग भूमी सपाट का भासते? भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी *सिद्धान्तशिरोमणि* (११५०) या ग्रंथातील गोलाध्यायात याचे उत्तर दिले आहे : परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि विशाल पृथ्वीवरील लहानशा माणसास त्याहूनही अल्प भाग दिसतो. उत्तर-दक्षिण असलेल्या दोन नगरांमधील अंतर व त्यांच्या अक्षांशांतील फरक यांवरून त्रैराशिकाने परिघ काढण्याची रीतही त्यांनी सांगितली. वरील १११ किमी. ला ३६० ने गुणल्यास तो सुमारे ४०,००० किमी. येतो. विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे २१ किमी. ने अधिक आहे. हा चपटेपणा मात्र वरीलपैकी कोणत्याही निरीक्षणात नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही.