मांजराच्या केसांतील गुंता

उन्हात बसून अंग चाटणारे मांजर तुम्ही पाहिले असेल. ते उगाच चाटत नसते. तीच त्याची आंघोळ असते आणि तेच त्याचे केस विंचरणे असते. मांजराची जीभ खरखरीत असते. तिच्यावर शेकडो बारीक काटे असतात. २०१८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या काट्यांचा अभ्यास केला. प्रत्येक काट्याच्या टोकाला खळगा असतो आणि त्या खळग्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, असे त्यांना आढळले. म्हणजे जीभ ही मांजराची फणीच झाली!

मग मांजराच्या केसांत गुंता का होतो? पर्शियन मांजराचे केस फार लांब आणि दाट असतात. जिभेचे काटे त्याच्या कातडीपर्यंत पोहोचत नाहीत. गळलेले केस खाली न पडता इतर केसांत अडकतात. मांजर लोळते, अंग घासते, तसे ते केस एकमेकांत गुंततात आणि त्यांची घट्ट गाठ बनते. कानांमागे, काखेत, पोटावर, मागच्या पायांवर आणि गळ्यातील पट्ट्याखाली अशा गाठी जास्त होतात.

आखूड केसांच्या मांजरालाही कधी कधी गाठी होतात. मांजर म्हातारे किंवा फार लठ्ठ झाले, त्याचे सांधे किंवा दात दुखू लागले, की ते अंग चाटणे कमी करते. अशा वेळी ते आळशी झाले असे समजू नका. ते आजारी असू शकते.

गाठ झाली तर काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. आपल्या डोक्यावरचे चार केस चिमटीत धरून हळूच ओढून पाहा. काखेत गाठ असलेल्या मांजराला पाऊल टाकताना असाच ताण बसतो. गाठीखाली ओल राहते, कातडी लाल होते, जखमाही होतात. मांजराला बोलता येत नाही. हात लावताच ते गुरगुरते, ओरखडते आणि आपण त्यालाच रागीट ठरवतो!

गाठ दिसली, की पुष्कळ जण कात्री घेतात. ही मोठी चूक आहे. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठीबरोबर ती वर उचलली जाते आणि केसांऐवजी कातडीच कापली जाते. गाठ असताना मांजराला आंघोळही घालू नका. पाण्याने गाठ अधिक आवळते.

लांब केस विंचरताना गुंता लागला, तर आई काय करते? ती आधी टोकाकडचे केस सोडवते आणि मग हळूहळू मुळाकडे जाते. येथेही तसेच करा. मांजर शांत असेल, तेव्हा मोठ्या माणसाला सोबत घ्या. गाठीवर थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरा. कातडीला ताण बसू नये म्हणून गाठीच्या मुळाशी केस बोटांनी धरून ठेवा. दुसऱ्या हाताने गाठ टोकाकडून मोकळी करा. मग रुंद दातांचा कंगवा फिरवा. मांजर कंटाळले, की थांबा. उरलेले काम उद्या करता येईल. गाठ मोठी असेल किंवा कातडीला चिकटली असेल, तर मांजराला जनावरांच्या दवाखान्यात न्या. तेथे डॉक्टर यंत्राने केस काढतात. केस पुन्हा येतात.

गाठ होऊच न देणे सर्वांत चांगले. लांब केसांचे मांजर रोज विंचरा, आखूड केसांचे आठवड्यातून एकदा. पिल्लू लहान असल्यापासून कंगव्याची सवय लावा. विंचरून झाल्यावर त्याला आवडता खाऊ द्या. मग कंगवा पाहून ते पळणार नाही. रोजची पाच मिनिटे मांजराचे पुढचे मोठे दुःख वाचवतात.

स्वाध्याय

१. मांजराच्या जिभेला फणी का म्हटले आहे?
२. गाठ कात्रीने का कापू नये?
३. कारणे लिहा : मांजर हात लावताच गुरगुरते.
४. वाक्यात उपयोग करा : गुंता, विंचरणे, खरखरीत.