कापसातील ऑक्सिजन आणि चुंबकाची नजर

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस म्हणजे बव्हंशी सेल्युलोज. या सेल्युलोजच्या वजनात जवळपास निम्मा वाटा ऑक्सिजनचा असतो. ऑक्सिजनभोवती गुंफलेल्या हायड्रोजन बंधांमुळे साखळ्या एकमेकींना धरून राहतात आणि धाग्याला बळकटी येते. तरीही घन सेंद्रिय पदार्थांतील ऑक्सिजनने शास्त्रज्ञांना दीर्घकाळ हुलकावणी दिली.

रेणूंची रचना उलगडण्याचे हुकमी साधन म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, अर्थात एनएमआर. रुग्णालयातील एमआरआय तपासणीही याच तत्त्वावर चालते. शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात काही अणुकेंद्रे ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषतात. अणूच्या शेजारी कोण आहे, त्यानुसार ही कंप्रता किंचित बदलते. अल्कोहोलमधील तीन प्रकारच्या हायड्रोजनचे संकेत १९५१ मध्ये अमेरिकेत वेगळे दिसले. त्या संशोधनात सहभागी असलेल्या एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला.

हायड्रोजनच्या बाबतीत जे साधले, ते ऑक्सिजनच्या बाबतीत सोपे नव्हते. निसर्गातील ९९.७६ टक्के ऑक्सिजन १६ अणुभाराचा असून एनएमआरला तो दिसतच नाही. संकेत देतो तो ऑक्सिजन-१७. पण दहा हजार अणूंत त्याचे चार अणूही नसतात. शिवाय त्याच्या केंद्रातील विद्युतभार गोलाकार पसरलेला नसल्याने घन पदार्थात त्याचा संकेत फिसकटतो.

यावर चार उपाय निघाले. पहिला, पदार्थात ऑक्सिजन-१७ मुद्दाम मिसळणे. दुसरा, नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून अतिवेगाने फिरवणे. एवढ्याने संकेत पूर्ण रेखीव होत नाही. ती उणीव फ्रिडमन आणि हारवुड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने भरून काढली. चौथा उपाय अधिक बलवान चुंबकांचा. क्षेत्र वाढले, की उरलेला पसारा आटोक्यात येतो.

या खटाटोपाचे मोल औषधनिर्मितीत कळते. सेंद्रिय आम्लाच्या गटात दोन ऑक्सिजन असतात. द्रावणात हायड्रोजन सतत जागा बदलत असल्याने दोघांचा मिळून एकच संकेत मिळतो. घन अवस्थेत मात्र दोन्ही वेगळे ओळखता येतात आणि हायड्रोजन बंधांची मांडणी समजते. एकाच औषधाचे स्फटिक निरनिराळ्या प्रकारे रचले गेले, तर त्याची विद्राव्यता बदलू शकते. एचआयव्हीवरील रिटोनाविरच्या कॅप्सूल १९९८ मध्ये याच कारणाने बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. शिरपूरसारख्या ठिकाणी औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्यांना गोळीतील स्फटिकरचना म्हणूनच दुर्लक्षून चालत नाही.

मोठा अडसर खर्चाचा आहे. ऑक्सिजन-१७ युक्त पाणी अतिशय महाग असते. २०१७ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अशा पाण्याचे मोजके थेंब घालून पदार्थ गोळ्यांच्या चक्कीत दळण्याची युक्ती दाखवली आणि खर्च बराच खाली आला. आम्लगटातील ऑक्सिजन अशा रीतीने बदलता येतो. कापसातील ऑक्सिजन मात्र कार्बनशी घट्ट बांधलेला असतो आणि पाण्यातील ऑक्सिजनशी सहज अदलाबदल करत नाही. त्यामुळे औषधाच्या गोळीतील ऑक्सिजन बोलता झाला, तरी खानदेशच्या बोंडातील ऑक्सिजनला बोलते करणे अधिक अवघड आहे.