सत्र अर्धवट सोडले तर : परताव्याचा आणि अर्थसाहाय्याचा दुहेरी हिशेब

ऑगस्टच्या अखेरीस मुलीला वसतिगृहाच्या खोलीत पोहोचवून, सामान लावून, डोळे पुसत परतलेल्या आईवडिलांना ऑक्टोबरमध्ये एखाद्या रात्री फोन येतो : ‘मला इथे राहायचे नाही.’ कारण आजारपणाचे असेल, मनावरच्या ताणाचे असेल, किंवा निवडलेला विषय आपला नाही हे उशिरा उमगल्याचे असेल. अमेरिकेतील मराठी घरांत अशा वेळी आधी समजावणी होते, मग रुसवेफुगवे, मग ‘हे सत्र तरी पूर्ण कर’ असा आग्रह. या साऱ्यात तीन-चार आठवडे सहज जातात. पैशाच्या दृष्टीने नेमके हेच आठवडे सर्वांत महाग असतात, याची कल्पना बहुतेक कुटुंबांना महाविद्यालयाचे बिल हाती पडेपर्यंत नसते.

या विषयातील मुख्य गोंधळ एकाच गोष्टीमुळे होतो. सत्र अर्धवट सोडताच एक नव्हे, दोन स्वतंत्र हिशेब सुरू होतात. पहिला महाविद्यालयाचा : भरलेल्या शुल्कातील किती रक्कम परत मिळणार? दुसरा केंद्र सरकारचा : मंजूर झालेल्या अर्थसाहाय्यापैकी किती रकमेवर विद्यार्थ्याचा हक्क उरतो? या दोन्ही हिशेबांचे नियम निराळे आहेत आणि मुदतीही निराळ्या आहेत.

पहिला हिशेब : महाविद्यालयाचा परतावा

शिक्षणशुल्काचा परतावा प्रत्येक महाविद्यालय आपापल्या धोरणानुसार ठरवते. सत्राच्या आरंभी, विषय बदलण्याच्या मुदतीत नोंदणी रद्द केली, तर बहुधा पूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर दर आठवड्यास टक्केवारी घसरत जाते आणि अनेक ठिकाणी चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास परतावा शून्यावर येतो. वसतिगृह आणि भोजनालय यांचे करार वेगळे असल्याने त्यांच्या अटीही वेगळ्या असतात. शुल्काचे वेळापत्रक पाहून वसतिगृहाचा अंदाज बांधता येत नाही. वैद्यकीय कारणास्तव सत्र सोडणाऱ्यांना काही महाविद्यालये कागदपत्रे पाहून जादा परतावा किंवा पुढील सत्रासाठी जमा रक्कम देतात, मात्र त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महाविद्यालयाची स्वतःची शिष्यवृत्ती असल्यास तिचे नियमही तेच महाविद्यालय ठरवते.

दुसरा हिशेब : सरकारचे साहाय्य

केंद्रीय अर्थसाहाय्य १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली, म्हणजे ‘टायटल फोर’खाली, दिले जाते. पेल अनुदान, विद्यार्थ्याच्या नावावरील डायरेक्ट कर्जे आणि पालकांच्या नावावरील पॅरेंट प्लस कर्ज ही सारी त्यातच येतात. कायद्याची भूमिका अशी, की हे पैसे सत्राच्या आरंभी खात्यावर आले तरी विद्यार्थी ते दिवसागणिक ‘कमावतो’. सत्राचे जितके टक्के दिवस पूर्ण झाले, तितके टक्के साहाय्य त्याचे. उरलेले परत करावे लागते. सत्राचा ६० टक्क्यांहून अधिक भाग पूर्ण झाला, की संपूर्ण साहाय्य कमावले असे मानले जाते. दिवस मोजताना शनिवार-रविवार धरतात, मात्र सलग पाच किंवा अधिक दिवसांची सुट्टी वगळतात. ‘वर्क-स्टडी’तून केलेल्या कामाचा मोबदला या हिशेबात येत नाही.

या सूत्रात कारणाला स्थान नाही. आजारपण असो, घरातील मृत्यू असो वा केवळ मनाचा बदल, टक्केवारी तीच राहते. २०२० मध्ये करोनामुळे सत्र सोडावे लागलेल्या विद्यार्थ्यांसाठी काँग्रेसला ‘केअर्स’ कायद्यात या वसुलीपासून खास सूट द्यावी लागली, यावरून नियमाचा ताठरपणा लक्षात येतो.

दोन्ही हिशेब एकत्र आले की

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, सत्र मोजणीचे ११० दिवसांचे आहे आणि पहिला दिवस २५ ऑगस्ट. शुल्क, वसतिगृह आणि भोजन मिळून महाविद्यालयाचे देणे १५,००० डॉलर. त्यापैकी २,७५० डॉलर विद्यार्थिनीच्या नावावरील अनसबसिडाइज्ड कर्जातून आले, ९,२५० डॉलर वडिलांच्या पॅरेंट प्लस कर्जातून, आणि ३,००० डॉलर घरातून भरले. म्हणजे सरकारी साहाय्य एकूण १२,००० डॉलर.

मुलीने ७ ऑक्टोबरला, म्हणजे ४४ व्या दिवशी, सत्र सोडले. तोवर ४० टक्के सत्र पूर्ण झाले होते. त्यामुळे ४,८०० डॉलर कमावले आणि ७,२०० डॉलर ‘न कमावलेले’ ठरले. ही रक्कम महाविद्यालय सरकारला परत पाठवते. परतीचा क्रम कायद्याने ठरलेला आहे : आधी अनसबसिडाइज्ड कर्ज, मग सबसिडाइज्ड, मग प्लस, आणि त्यानंतर पेल व इतर अनुदाने. येथे मुलीचे २,७५० डॉलरचे कर्ज पूर्ण मिटते आणि उरलेले ४,४५० डॉलर वडिलांच्या कर्जातून वजा होतात. विद्यार्थिनीने सत्र सोडल्याचे निश्चित झाल्यापासून ४५ दिवसांत महाविद्यालयाने ही परतफेड करायची असते.

इथवर सारे ठीक वाटते, कारण कर्ज कमी झाले. परंतु महाविद्यालयाची परताव्याची मुदत सप्टेंबरअखेर संपलेली असेल, तर त्याचे १५,००० डॉलरचे देणे एका पैशानेही कमी होत नाही. खात्यावर उरले ते कमावलेले ४,८०० आणि घरचे ३,००० डॉलर. उरलेल्या ७,२०० डॉलरचे बिल कुटुंबाच्या नावे निघते आणि ते तत्काळ भरायचे असते. जे पैसे वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत फेडायचे होते, ते रोख देण्याची पाळी येते. बिल थकल्यास पुढील नोंदणी अडू शकते आणि प्रकरण वसुली करणाऱ्या संस्थेकडे जाऊ शकते.

हीच मुलगी दहाव्या-बाराव्या दिवशी बाहेर पडली असती, तर महाविद्यालयाचा बराचसा परतावा मिळून देणे कितीतरी हलके झाले असते. तिने ३० ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ६७ व्या दिवसापर्यंत, वर्ग केले असते, तर सरकारला काहीच परत जाऊन हे बिल आले नसते. मात्र १२,००० डॉलरचे कर्ज पूर्ण राहिले असते. ६६ व्या दिवशी बरोबर ६० टक्के भरतात, आणि कायद्याला ६० हून अधिक हवेत. सर्वांत मोठा फटका बसतो तो महाविद्यालयाची मुदत संपल्यानंतर आणि सरकारची ६० टक्क्यांची रेषा ओलांडण्यापूर्वी.

पेल अनुदान मिळालेल्या विद्यार्थ्यांना एक संरक्षण आहे. अनुदानातील जी रक्कम विद्यार्थ्याने स्वतः परत करायची असते, ती मूळ अनुदानाच्या निम्म्याहून जितकी अधिक असेल तितकीच द्यावी लागते. विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी कर्जाची परतफेड मात्र मूळ करारातील हप्त्यांनुसारच होते.

न सांगता निघून जाणे

विद्यार्थी औपचारिकपणे सत्र न सोडता वर्गात जाणेच थांबवतो, हा प्रकार अधिक घातक. हजेरी घेणे बंधनकारक नसलेल्या महाविद्यालयांत, विद्यार्थ्याने ठरावीक कार्यालयास आपला निर्णय कळवला तो दिवस सोडण्याची तारीख मानला जातो. ही सूचना लेखी वा तोंडी, कशीही देता येते. काहीच न कळवल्यास सामान्यतः सत्राचा मध्यबिंदू ही तारीख धरतात. किंवा परीक्षा, स्वाध्याय यांसारख्या अभ्यासातील शेवटच्या नोंदलेल्या सहभागाचा दिवस महाविद्यालय धरू शकते. सत्राअखेर सर्व विषयांत ‘एफ’ दिसले, की विद्यार्थी खरोखर शेवटपर्यंत होता का, याची तपासणी महाविद्यालयाला करावी लागते. तो नव्हता असे आढळल्यास सत्र संपल्यानंतर, जानेवारीत, वसुलीचे पत्र घरी येते. अशा मुलाच्या हाती ना श्रेयांक राहतात, ना परतावा, आणि गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ऐवजी ‘एफ’ची रांग राहते.

आईवडिलांना हे आपोआप कळेल असेही नाही. ‘फर्पा’ या १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयात प्रवेश घेताच शैक्षणिक नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याकडे जातो. कर-विवरणात मूल अवलंबून दाखवले असल्यास महाविद्यालय पालकांना माहिती देऊ शकते, पण ते त्याच्यावर बंधनकारक नाही. शुल्क भरणाऱ्या वडिलांना मुलगा सहा आठवडे वर्गात गेलेला नाही हे ठाऊक नसणे, ही या देशात पूर्णपणे कायदेशीर परिस्थिती आहे. त्यामुळे ‘घरी काय म्हणतील’ या धास्तीने मुलाने बाळगलेले मौन आणि ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने पालकांनी लांबवलेला निर्णय, दोन्हींची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते.

पुढे काय?

निम्म्याहून कमी वेळेची नोंदणी झाली, की विद्यार्थ्याच्या डायरेक्ट कर्जांची सहा महिन्यांची सवलत सुरू होते. त्यानंतर हप्ते लागतात. त्या अवधीत पुन्हा किमान निम्म्या वेळेची नोंदणी केल्यास सवलत पूर्ववत मिळते. एकदा ती संपूर्ण वापरली, की त्या कर्जांना पुन्हा मिळत नाही. खासगी कर्जांना हे नियम लागू नाहीत, तेथे करारच वाचावा लागतो.

परतण्याचा विचार असल्यास शैक्षणिक प्रगतीची अट लक्षात ठेवावी. नोंदवलेल्या श्रेयांकांपैकी सुमारे ६७ टक्के पूर्ण झालेले असावेत, असा निकष बहुतेक महाविद्यालये लावतात आणि ‘डब्ल्यू’ मिळालेले विषय नोंदवलेल्यांत मोजतात. पहिल्या सत्रात १५ श्रेयांक मिळवून दुसरे १५ अर्धवट सोडले, तर प्रमाण ५० टक्क्यांवर येते आणि पुढील साहाय्य धोक्यात येते. आजारपण, अपघात किंवा नातलगाचा मृत्यू अशा कारणांसाठी अपिलाची सोय असू शकते. म्हणून डॉक्टरांची पत्रे त्याच वेळी जपून ठेवावीत. काही काळ थांबून परतायचे असेल, तर महाविद्यालय मान्य रजा देते का, हेही विचारावे. नियमांत बसणारी रजा १२ महिन्यांत १८० दिवसांपर्यंत असू शकते आणि ती मंजूर झाल्यास वरील वसुली होत नाही.

शुल्क ‘५२९’ योजनेतून भरलेले असेल, तर महाविद्यालयाकडून आलेला परतावा ६० दिवसांत त्याच लाभार्थ्याच्या ५२९ खात्यात परत जमा करावा. तसे न केल्यास त्यातील नफ्यावर प्राप्तिकर आणि सामान्यतः १० टक्के दंड लागतो. परतावा खात्यात आल्यावर ती रक्कम घरखर्चात मिसळून जाते आणि ही मुदत अनेकांच्या हातून निसटते. ज्या शुल्कावर शिक्षणविषयक कर-सवलत घेतली, ते पुढील वर्षी परत मिळाल्यास करसल्लागाराला अवश्य सांगावे.

व्हिसावरील विद्यार्थी

केंद्रीय साहाय्य नागरिकांना, ग्रीनकार्डधारकांना आणि काही ठरावीक बिगरनागरिक गटांना मिळते. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावरील मुलांच्या बाबतीत म्हणूनच पहिलाच हिशेब उरतो. पण पुण्याहून वा नाशिकहून शिकायला आलेल्या भाच्या-पुतण्यांच्या बाबतीत पैशाआधी व्हिसाचा प्रश्न येतो. एफ-१ विद्यार्थ्याने सत्र सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याची परवानगी घेतली, तर देश सोडण्यास १५ दिवस मिळतात. परवानगीविना सोडल्यास एकही दिवस मिळत नाही. आजारपण हे कारण असल्यास वैद्यकीय कागदपत्रांच्या आधारे कमी विषय घेण्याची, प्रसंगी काही काळ एकही न घेण्याची मुभा मिळू शकते. भारतातील बँकेचे शैक्षणिक कर्ज असल्यास बँकेलाही कळवावे, कारण हप्त्यांची सवलत अभ्यासक्रमाच्या कालावधीशी जोडलेली असते.

फोन आला त्या आठवड्यात

निर्णय अजून झाला नसला, तरी पुढील चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवता येतात. आज सत्र सोडल्यास शुल्काचा आणि वसतिगृहाचा परतावा किती? सरकारी साहाय्यातील किती रक्कम परत जाईल आणि खात्यावर किती देणे उरेल? ६० टक्क्यांची रेषा कोणत्या तारखेस ओलांडली जाते? मान्य रजा किंवा वैद्यकीय कारणास्तव सत्र सोडण्याची सोय आहे का? पहिल्याचे उत्तर बर्सर आणि वसतिगृह कार्यालयाकडे, मधल्या दोहोंचे फायनान्शियल एड कार्यालयाकडे, तर शेवटचे रजिस्ट्रार किंवा डीनच्या कार्यालयाकडे मिळते. हे प्रश्न विद्यार्थ्यानेच विचारायचे असतात. सोबत आई किंवा वडील बसलेले असले, तर त्याला ते विचारणे सोपे जाते.

एखाद्या मुलाने लगेच बाहेर पडणे हेच त्याच्या प्रकृतीसाठी आवश्यक असेल, तर ६७ व्या दिवसाची वाट पाहण्यात शहाणपण नाही. सात हजार डॉलरचे बिल हप्त्यांची व्यवस्था करून फेडता येते. मात्र जे कुटुंब फोन आला त्याच आठवड्यात हे प्रश्न विचारते, त्याला निदान रक्कम आधी कळते आणि जानेवारीतील पत्राचा धक्का बसत नाही.