लहान ट्रॅक्टरची हरवलेली शक्ति

नाशिककडील द्राक्षबागांच्या ओळींतून फिरणारा वीस-पंचवीस अश्वशक्तींचा ट्रॅक्टर चढावर धापा टाकूं लागला, म्हणजे मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढविण्याचा. कारागीरहि तें हंसत करून देतो. ट्रॅक्टर जोर धरतो खरा. पण किती दिवस?

रुडोल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरमध्यें हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्याच उष्णतेनें आंत फवारलेलें तेल पेट घेतें. अर्थात् शक्ति तेलाइतकीच हवेवरहि अवलंबून असते. हवा तेवढीच ठेवून तेल वाढविलें, तर तें अर्धवट जळून काळा धूर होतो, आणि वाढत्या उष्णतेनें पिस्टनसुद्धां वितळूं शकतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर केवड्यावर फवारणी चालू असतां एंजिन बंद पडलें, तर बागाइतदारावर काय प्रसंग ओढवेल हें सांगावयास नको.

त्यापेक्षां धुळीनें बुजलेला एअर फिल्टर व तेलाची गाळणी बदलावी, इंजेक्टर तपासून घ्यावे. एवढ्यानें पुष्कळदां हरवलेली शक्ति परत मिळते.

मोठी गळती मात्र चाकांखालीं असते. मागचीं चाकें जागींच फिरूं लागलीं, कीं एंजिनाचे श्रम माती उकरण्यांत जातात. टायरांत पाणी भरून अगर लोखंडी वजनें लावून पकड वाढविली, म्हणजे तेंच अवजार तोच ट्रॅक्टर सहज ओढतो. शेंकडा दहा-पंधरा घसरण चालावयाचीच. ती अजीबात थांबविण्यासाठीं वजन लादीत गेल्यास ओली जमीन दबून वेलींच्या मुळांची वाट अडते.