धाप लागणारं पोर अंगचोर नसतं



उसाचं बेट पिवळं पडलं की हुमणी असेल म्हणून आपण लगेच मूळ उकरून पाहतो. पोर खेळताना धापा टाकू लागलं, तर मात्र ‘अंगचोर आहे’ म्हणून मोकळे होतो. हजार जन्मांमागे साधारण 8 ते 9 बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. ओठ-नखे निळी पडणे, पळता पळता उकिडवे बसणे, वजन न वाढणे ही लक्षणे ओळखावीत.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीस येते. पुढील उपचार मोफत असतात. त्या दिवशी पोराला रानात नेऊ नका. तोडणी टोळीतल्या मुलांची गावाकडची तपासणी हुकते. त्यांची नावे मुकादमाकडून घेऊन इथल्या शाळेत कळवा.

दोष निघाला म्हणजे शाळा सुटली असे नव्हे. किती खेळावे, कधी थांबावे, याची डॉक्टरांची चिठ्ठी गुरुजींना द्यावी. दमल्यावर बसू द्यावे, शर्यतीची सक्ती नको. पण सरसकट बाजूलाही बसवू नये. दात किडू देऊ नयेत, तिथले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचतात. शुद्ध हरपली तर लगेच 108 ला फोन करावा.

— ऊस विकास अधिकारी