सोऱ्याचे आटे

भाजणीचं पीठ दळून आलं आणि त्याच संध्याकाळी आईच्या पितळी सोऱ्यानं मान टाकली. दांडी फिरवली की मळसूत्र खाली उतरायचं, दट्ट्या पिठाला टेकायचा आणि जरा जोर केला की ‘खट्’ करून सगळं वर. झाकणातले आटे गेले होते. लोणावळ्याच्या बाजारात भांडीवाल्यानं पाच-सहा झाकणं काढून दिली, एकही आमच्या दांड्यावर चढेना. ज्यानं त्यानं आपल्या मापाचे आटे पाडलेले. हेन्री मॉडस्लेनं लंडनमध्ये एकसारखे आटे पाडणारं लेथ उभं केलं ते १८००च्या सुमारास. सोऱ्यापर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तुंगार्लीहून खाली उतरून, हायवे ओलांडून एका लेथवाल्याकडे गेले. पत्र्याची शेड, बटाल्याचं जुनं लेथ, पायाखाली पितळेचा पिवळा बूर. रात्री मी कागदावर चित्र काढलं होतं. झाकणाचं भोक मोठं करायचं आणि त्यात वरून कॉलर असलेला बुश बसवायचा, दिसायलाही नीटस. मिस्त्रींनी कागद पाहिला आणि उलटा करून माझ्यापुढे ठेवला.

“ताई, पीठ दाबताना दांडा खाली जातो. मग झाकण कुठं जायला बघतं?”

“वर.”

“मग कॉलर वरून ठेवली तर बुश खालून ढकलला जाऊन निघूनच येईल. कॉलर आतून घ्या. जितका जोर कराल तितका घट्ट बसेल.”

टिकाऊ म्हणून मी गनमेटल सुचवलं. तेही त्यांना पटलं नाही. दांडा पितळी, त्याहून कडक बुश घातला तर बुश राहणार आणि दांडा झिजणार. “झिजायचंच तर स्वस्तातलं झिजू दे,” म्हणाले. नीट कातली जावी म्हणून बाजारातल्या पितळी सळईत बहुधा थोडं शिसं असतं, हे मला खटकत होतं. पण बुश दट्ट्याच्या वर राहतो, पिठाला लागत नाही, म्हणून मान्य केलं.

दांड्यावर पट्टी ठेवून आटे मोजले: इंचात सहा, चौकोनी. मग ग्राइंडरवर टूलला धार लावण्यातच अर्धा तास गेला. टूलची रुंदी आट्याच्या खाचेइतकी, दोन मिलिमीटरच्या जरा वर. चूक झाली तर सगळा जॉब भंगारात. सळई चकमध्ये धरून भोक पाडलं, बोअरिंग केलं आणि मग टूल आत घातलं. प्रत्येक फेरीत केसाएवढं पितळ निघे. टूल पुढं सरकवणारा लेथचा लीडस्क्रू इंचात चार आट्यांचा. आठ आटे पाडायचे असते तर त्याला धरणारा हाफनट कुठंही सोडून परत पकडता आला असता. सहा ही चारची पट नाही, त्याला ती सवलत नाही. म्हणून ते हाफनट सोडतच नव्हते. टूल खाचेबाहेर काढायचं, मशीन उलटं फिरवून मागं आणायचं, पुन्हा पुढं. मी फेऱ्या मोजत होते, पंधरानंतर सोडून दिल्या.

दांडा लावून पाहिला तर मधोमध बुश सहज फिरला, टोकाशी अडला. दांडा मधेच जास्त वापरला जातो, म्हणून तिथले आटे बारीक झालेले. मिस्त्रींनी टोकाच्या जाड आट्यांचं माप धरून आणखी दोन फेऱ्या घेतल्या. मधे थोडी खडखड राहणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. झाकणाचं भोक बुशपेक्षा कणभर कमी ठेवलं होतं. व्हाइसमध्ये दाबून बुश बसवला आणि फिरू नये म्हणून बाजूनं एक बारीक पिन ठोकली.

मजुरी चारशे रुपये घेतली. घरी सोऱ्या चिंच-मिठानं घासला, गरम पाण्यानं धुतला. पहिल्या चार चकल्या तुटल्या, पण तो दोष मोहनाचा होता. तुम्ही झाकण करून घ्यायला जाल तेव्हा दांडा बरोबर न्या. नुसत्या झाकणावरून गेलेल्या आट्यांचं माप कुणालाच नीट काढता येत नाही.